श्रुतिपरायण: क्लास न लावता भजन शिकणाऱ्यांसाठी गीतेतला एक श्लोक



आजच्या चिंतनाला श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १३, श्लोक २५ घेऊ. (ज्या प्रतींत अध्यायाच्या सुरुवातीला अर्जुनाचा प्रश्न छापलेला असतो, तिथे हाच श्लोक २६ वा येतो.)

आपल्या वयाच्या भक्तमंडळींकडून एक वाक्य फार ऐकू येतं: "भजन म्हणावंसं खूप वाटतं हो, पण मी गाणं शिकलेलो नाही." कोणी म्हणतं लहानपणी क्लास लावायला हवा होता, कोणी म्हणतं आवाजच नाही. परिणाम एकच. एकादशीला प्लेलिस्ट लागते, गणपतीत आरती स्पीकरवर लागते आणि आपण हात जोडून उभे. आमच्या पेणहून मूर्ती मुंबई-पुण्याच्या घराघरांत जाते, आणि तिच्यापुढची आरती मात्र मोबाइल म्हणतो! हे बरोबर की चूक, हा आजचा विषय नाही. न शिकलेल्या माणसाला भजन म्हणता येईल का, आणि येईल तर कसं, एवढंच बघू.

श्लोक काय सांगतो

तेरावा अध्याय सोपा नाही. क्षेत्र, क्षेत्रज्ञ, प्रकृती, पुरुष असा जड विषय चाललेला असतो. २४ व्या श्लोकात भगवंत वेगवेगळे मार्ग सांगतात. कोणी ध्यानाने आत्म्याला पाहतात, कोणी सांख्याच्या विचाराने, कोणी कर्मयोगाने. इथवर वाचलं की आपल्यासारख्याला वाटतं, यातलं आपल्याला काय जमणार?

लगेच २५ वा श्लोक येतो. त्याचा भावार्थ असा: ज्यांना हे असं काही कळलेलं नाही, ते दुसऱ्यांकडून ऐकतात आणि उपासना करतात. ऐकण्यालाच धरून राहणारे हे लोकसुद्धा मृत्यू तरून जातात.

इथे दोन शब्द धरून ठेवायचे. एक 'अपि', म्हणजे 'सुद्धा'. ऐकून शिकणाऱ्याला भगवंत खालच्या वर्गात बसवत नाहीत, तोही त्याच किनाऱ्याला लागतो. दुसरा शब्द 'श्रुतिपरायण'. परायण म्हणजे ज्याने त्या गोष्टीचा आसरा घेतलाय, तिच्याशिवाय दुसरं काही धरलेलं नाही, असा. जाता-येता कानावर पडलं, एवढ्याने कोणी श्रुतिपरायण होत नाही.

हा श्लोक गाण्याबद्दल नाही, आत्मज्ञानाबद्दल आहे, हे आधी मान्य करू. पण भजन ही आपली उपासना आहे, आणि ती पिढ्यान् पिढ्या लोक दुसऱ्याकडून ऐकूनच शिकत आले. त्यामुळे ऐकून शिकायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे या श्लोकाला विचारायला हरकत नाही.

माउली काय जोडतात

१२९० साली सांगितलेल्या ज्ञानेश्वरीत या श्लोकावर माउली थोडं थांबतात. ऐकायचं कोणाचं, ते आधी सांगतात. ज्याला आपलं हित-अहित दिसतं, आपलं नुकसान बघून ज्याला कळवळा येतो, जो विचारपूस करून आपला शीण घालवतो, त्याचं. आणि ऐकायचं कसं? त्याच्या मुखातून जे येईल ते आदराने ऐकायचं आणि अंगाने, मनाने तसंच व्हायचं.

'अंगाने' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. ऐकणं कानाशी संपत नाही, ते अंगात उतरतं. ज्याने कधी टाळ हातात घेतला आहे त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. ठेका डोक्यात मोजून येत नाही. मनगटात, खांद्यात, पावलांत शिरतो तेव्हाच येतो.

गागोद्यातली आई

याचं उदाहरण आमच्या पेण तालुक्यातच आहे. गागोदे हे विनोबा भाव्यांचं जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ चा त्यांचा जन्म. आई रुक्मिणीबाई. विनोबांनी आईच्या आठवणी खूप प्रेमाने सांगितल्यात. ती घरकाम करता करता संतांची पदं म्हणायची. कन्नड भजनंही तिला येत. स्वयंपाक करताना इतकी तल्लीन व्हायची की कधीतरी भाजीत मीठ दोनदा पडायचं. विनोबांच्या पुढच्या आयुष्यात संतवाणीचं जे भांडार दिसतं, त्याची सुरुवात या स्वयंपाकघरात आहे. शिकवणारी आपण शिकवतोय असं समजत नव्हती, आणि शिकणारा आपण शिकतोय असं समजत नव्हता.

त्याच आईने पुढे मुलाकडे मराठी गीता मागितली, कारण संस्कृत कळेना. त्याने गद्य भाषांतर आणलं, तिला पद्य हवं होतं. वामन पंडितांची समश्लोकी आणली, ती अवघड वाटली. तेव्हा ती म्हणाली, मग तूच का करत नाहीस? १९१८ मध्ये आई गेली. विनोबांनी ७ ऑक्टोबर १९३० ला 'गीताई' लिहायला घेतली आणि ६ फेब्रुवारी १९३१ ला पूर्ण केली. आईला गद्य का चाललं नाही, याचा विचार करून बघा. जे तोंडाने म्हणता येतं, चालीवर घोळवता येतं, तेच तिच्या दिवसभराच्या कामात तिच्यासोबत राहणार होतं.

आणखी मागे गेलात तर जात्यावरच्या ओव्या आहेत. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अभ्यासकांनी १ लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्यात. त्या बायकांचा क्लास म्हणजे पहाटेचं दळण आणि जात्यापाशी समोर बसलेली सासू, नणंद किंवा शेजारीण.

संगीताच्या परीक्षा आणि प्रमाणपत्रं त्यामानाने अलीकडची. विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं ते १९०१ मध्ये. त्यांचे उपकार मोठे आहेत, त्यांच्यामुळे सामान्य घरातल्या मुलांना शास्त्रीय संगीताचं दार उघडलं. पण नामदेवरायांच्या काळापासून जे भजन चाललंय, ते त्या दाराची वाट बघत थांबलं नव्हतं.

मंडळ कसं शिकवतं

पेण-रोह्याच्या गावांत अखंड हरिनाम सप्ताह बसतो तेव्हा रात्रंदिवस पहारे लागतात. वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. रात्रीच्या पहाऱ्याला माणसं कमी असतात, तेव्हा नवख्यालाही टाळ मिळतो. शेतावरून आलेला, धाटावच्या एमआयडीसीत पाळी करून आलेला, कॉलेजचा मुलगा, सगळे एका ओळीत उभे. इथे कोणी फळ्यावर सरगम लिहीत नाही. मग शिकवणी होते कुठे?

माझ्या मते ती अभंगाच्या रचनेतच आहे. ध्रुवपद पुन्हा पुन्हा येतं. बुवा एक चरण म्हणतात आणि सगळे ध्रुवपदावर परत येतात. पाच चरणांचा अभंग असेल तर नवख्या माणसाला तीच ओळ म्हणायची संधी दहा-पंधरा वेळा मिळते. पहिल्या वेळी तो फक्त ऐकतो, तिसऱ्या वेळी ओठ हलतात, सातव्या वेळी आवाज निघतो. चुकला तरी आजूबाजूच्या वीस आवाजांत ती चूक कोणाला टोचत नाही, आणि त्याला मात्र ती कळते. हे सगळं गुपचूप होतं. बॅचमध्ये उभं राहून एकट्याने म्हणून दाखवायचा संकोच इथे नाही.

पेणच्या गणपती कारखान्यांत हीच रीत आहे. हमरापूर-जोह्याकडे गेलात तर दिसेल. नवीन पोरगा आधी माती मळतो, साच्यातून काढलेली मूर्ती घासतो, मग रंगाला हात लावतो. डोळ्यांची आखणी त्याच्याकडे यायला वर्षं जातात. तोवर आखणी करणाऱ्याच्या शेजारी बसून तो बघत असतो. हे शिक्षण नाही असं कोण म्हणेल?

आपल्या धंद्याचंही बघा ना. आज जी प्रोग्रॅमिंगची भाषा वापरून पगार मिळतो, ती आपल्यातल्या किती जणांनी कॉलेजात शिकली? दुसऱ्याचा कोड वाचला, शेजारच्या सीनियरला विचारलं, चालवून पाहिलं, मोडलं, परत केलं. तिथे आपण म्हणत नाही की "मी हे शिकलेलो नाही". भजनाच्या वेळीच का म्हणतो?

मग भाव असला की झालं?

नाही. इथे जरा सावध राहायला हवं.

"देवाला सूर लागत नाही, भाव लागतो" हे वाक्य घाबरलेल्या माणसाला धीर द्यायला चांगलं आहे. पण वर्षानुवर्षं तेच म्हणत राहिलो तर ते आळसाचं पांघरूण होतं. नवव्या अध्यायाचा १४ वा श्लोक काढून बघा. भगवंत आपल्या भक्तांचं वर्णन करतात: सतत कीर्तन करणारे, यत्न करणारे, दृढव्रत, नमस्कार करणारे. कीर्तनाच्या लगेच पुढे यत्न आहे, आणि त्याच्या पुढे व्रत आहे. टीकाकार यत्नाचा अर्थ इंद्रियसंयम, साधना असा व्यापक घेतात, तो बरोबरच आहे. पण जो रोज पंधरा मिनिटं स्वर धरायचा यत्न करत नाही, त्याने संयमाच्या मोठ्या गोष्टी कशाला बोलाव्यात? ज्याच्यासाठी म्हणतो त्याच्यावर प्रेम असेल तर ते म्हणणं नीट करावंसं वाटतंच. पाहुण्यासाठी आपण भात करपवत नाही.

उलट्या बाजूची चूकही होते. थोडं जमायला लागलं की भजनाची मैफल होते, मग मंडळात कोण चांगला म्हणतो याचे हिशेब सुरू होतात. त्या श्लोकातला 'नमस्कार करणारे' हा शब्द अशा वेळी उपयोगी पडतो.

ऐकण्याची जबाबदारी

ऐकून शिकण्यात एक धोका असतो. चूकही जशीच्या तशी कानातून तोंडात जाते. गणपतीच्या आरतीत 'संकटी' हा शब्द आहे. किती घरांत तो 'संकष्टी' म्हटला जातो! संकष्टी चतुर्थी ओळखीची, म्हणून जीभ तिकडे वळते. अर्थ मात्र बदलतो. संकटात धावून ये, असं मागणं आहे ते.

म्हणून शब्द छापील गाथेतून, हरिपाठाच्या पुस्तकातून तपासून घ्यावेत. चाल कानाने घ्यावी, शब्द डोळ्यांनी पक्के करावेत. आणि अडलं तर विचारावं. चौथ्या अध्यायाच्या ३४ व्या श्लोकात ज्ञान मिळवायच्या तीन गोष्टी सांगितल्यात: नमस्कार, प्रश्न आणि सेवा. मंडळात याचा सरळ अर्थ असा की सतरंजी घालायला आधी जा, पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक मळून द्या, मग "बुवा, ही जागा कशी घेतलीत?" असं विचारा. कणीक मळणाऱ्याला ती किती घट्ट असली की पखवाज कसा बोलतो, हेही आपोआप कळत जातं.

शिक्षण नकोच, असं यातून काढू नका. गळा दुखायला लागला, पखवाजावर हात चुकीचा बसतोय असं जाणत्याने सांगितलं, किंवा कीर्तनाला उभं राहायची इच्छा झाली, तर गुरूकडे जावंच. विष्णुबुवा जोगांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली ती याचसाठी, की कीर्तन-प्रवचनामागे अभ्यास असावा. पण ध्रुवपद म्हणायला त्या परवानगीची गरज नाही.

चाल राहते कुठे?

ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. अभंगाचे शब्द गाथेत आहेत, गाथा छापलेली आहे, आता मोबाइलवरही आहे. पण तुमच्या गावच्या मंडळाची काकड्याची चाल कुठे लिहिलेली आहे? बऱ्याच ठिकाणी ती दोन-तीन म्हाताऱ्या माणसांच्या कंठात आहे. ती माणसं गेली की शब्द राहतील, चाल जाईल. पोरं पनवेल, पुणे, बंगळुरूला. सप्ताहाला फोटो काढायला येतात आणि मागे उभी राहतात, कारण "आपल्याला येत नाही".

रेकॉर्डिंग करावं, त्यांना विचारून जरूर करावं. पण फाइल म्हणजे श्रुती नव्हे. श्लोकात ऐकणारे उपासना करतात असं आहे, साठवून ठेवतात असं नाही. चाल कोणाच्या तरी गळ्यात राहिली तरच पुढे जाईल. या वर्षी ती तुमच्या गळ्यात आली नाही, तर पुढच्या वर्षी तिथे शिकवायला कोणी असेलच असं नाही.

सुरुवात अशी करता येईल

१. एकच अभंग घ्या. महिनाभर तोच. ज्याचा अर्थ तुम्हाला भिडतो असा घ्या, फक्त चाल गोड आहे म्हणून नको. पहिला आठवडा नुसता ऐका. नवविधा भक्तीत श्रवण पहिलं आणि कीर्तन दुसरं येतं. समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात हाच क्रम ठेवलाय. दासबोध ज्या शिवथरघळीत लिहिला असं परंपरा सांगते, ती आमच्याच रायगड जिल्ह्यातली.

२. आपली पट्टी शोधा. "मला आवाज नाही" म्हणणारे बरेच जण खरं तर दुसऱ्याच्या पट्टीत गायचा प्रयत्न करत असतात. पंडित भीमसेन जोशींच्या रेकॉर्डिंगबरोबर त्यांच्याच पट्टीत म्हणायला गेलात तर गळा फाटणारच. साधारणपणे पुरुषांना काळी एक-काळी दोन, स्त्रियांना काळी चार-काळी पाच सोयीची पडते. मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप लावा, एक-एक पट्टी बदलून बघा. ज्या पट्टीत सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा स्वर न ताणता लागतो, ती तुमची.

३. रोज पाच मिनिटं फक्त षड्ज धरा. तानपुरा चालू ठेवून 'सा' लावायचा आणि आपला आवाज त्यात मिसळून दिसेनासा होतोय का, ते ऐकायचं. हे कंटाळवाणं आहे, पण हळूहळू मनही त्या स्वराजवळ बसायला लागतं.

४. आधी हात, मग तोंड. भजनी ठेका आठ मात्रांचा. चालताना पावलांवर आठ मोजा, मग टाळी, मग टाळ. टाळ आपटायचा नसतो. बुवांचा आवाज ऐकू येतोय ना, हे बघत वाजवायचा.

५. पेटी शिकायची असेल तर पहिल्या दिवसापासून गाणं काढायच्या मागे लागू नका. आपल्या पट्टीचा सा दाबून ठेवा आणि त्यावर अभंग म्हणा. भाता सारखा आणि संथ चालायला लागला की मग बोटांकडे वळा.

६. आठवड्यातून एकदा तरी माणसांत म्हणा. शहरात असाल तर जवळच्या विठ्ठल मंदिरात एकादशीला बसा. गावी जाणं होत असेल तर सप्ताहातला रात्रीचा एक पहारा मागून घ्या. एकट्याने हेडफोन लावून शिकलेलं भजन माणसांत गेल्यावर वेगळंच लागतं. दुसऱ्याचा श्वास ऐकून आपला श्वास घ्यायला तिथेच शिकतो.

७. ज्यांना खरंच सूर लागत नाही, त्यांनीही उठून जाऊ नये. हळू आवाजात ध्रुवपद म्हणा, टाळी धरा, ऐका. आजच्या श्लोकाने ऐकणाऱ्याला तारलेल्यांच्या रांगेत घेतलंय, हे विसरू नका.

आजचं मनन

थोडा वेळ डोळे मिटून या तीन प्रश्नांपाशी बसू:

मला येणारी पहिली आरती किंवा पहिला अभंग मी कोणाच्या तोंडून ऐकला? त्या माणसाला मी कधी नमस्कार केलाय का?

"मी शिकलेलो नाही" असं मी म्हणतो तेव्हा त्यात नम्रता किती आणि टाळाटाळ किती?

माझ्या घरातली, गावातली अशी कोणती चाल आहे, जी माझ्यानंतर कोणाला येणार नाही?

आणि एक छोटा संकल्प. या एकादशीला स्पीकर बंद ठेवून घरातल्या सगळ्यांनी एक अभंग तोंडाने म्हणायचा. पट्टी जुळणार नाही, कोणीतरी पुढे जाईल, कोणीतरी मागे राहील. ध्रुवपदावर सगळे परत भेटतील.

राम कृष्ण हरी.